समोरच्याचं दुःख कळणारी माणसंच आधी पाट्या टाकायला का लागतात?

कोपऱ्यातलं टेबल

बरेच दिवस हे डोक्यात घोळतंय, लिहून मोकळी होते. जरा लांबेल.

मी एका विमा कंपनीच्या तक्रार कक्षात गटप्रमुख आहे. ज्यांचा दावा नाकारला गेलाय, अडकलाय किंवा अर्धाच मंजूर झालाय, त्यांचे फोन आमच्याकडे येतात. खूश होऊन आम्हाला कोणी फोन करत नाही. माझ्या गटात अकरा जण आहेत, त्यातल्या दोघींबद्दल लिहिते. नावं द्यायची नाहीत म्हणून थोरली आणि धाकटी म्हणू. वयाने नव्हे, नोकरीतल्या वर्षांनी.

थोरली म्हणजे आमच्या कक्षाचा कान. फोन चालू असताना ती वहीच्या समासात बारीक अक्षरात काहीबाही लिहायची. एकदा सहज डोकावले. दाव्याचा क्रमांक, तारखा वगैरे सगळं ओळींवर, आणि समासात "मुलाची परीक्षा", "आई अंथरुणावर", "आवाज बसलाय". तोच माणूस पुन्हा फोनवर आला की ही आधी आईची चौकशी करणार, मग फाईल उघडणार. लोक रडायचे, हिचेही डोळे भरायचे, पण पुढचा फोन घ्यायला पहिला हात हिचाच.

धाकटीचं उलटं. आवाजात चढ नाही, उतार नाही. "कळलं. पत्रावर तारीख काय आहे तेवढी वाचा." समोरचा हुंदके देत असेल तर थांबते, आणि मग पुन्हा तारीख. शिफ्ट संपली की हेडफोनची वायर गुंडाळून खणात ठेवते आणि खणाला कुलूप लावते. त्या खणात चोरून नेण्यासारखं काहीही नाही. मी मनातल्या मनात तिला दगड म्हणायचे.

गेले सात-आठ महिने थोरली पाट्या टाकतेय. दुसरा शब्द सुचत नाही. फोन घेते, ठरलेली वाक्यं म्हणते, ठेवते. परवा एका बाईंना म्हणाली, "नियमात बसत नाही, मी काय करू?" नऊ वर्षांत हे वाक्य तिच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं. वहीचा समास कोरा असतो. आणि धाकटी टवटवीत! वर लोक "मागच्या वेळी बोललेल्या त्या मॅडम द्या" म्हणून तिलाच मागतात.

अजून एक. आमचे क्वालिटीवाले रेकॉर्डिंग ऐकून गुण देतात. त्यात "एम्पथी स्टेटमेंट" नावाचा रकाना आहे. पहिल्या अर्ध्या मिनिटात "तुमची अडचण मी समजू शकते" हे वाक्य आलं पाहिजे, नाहीतर गुण कापले. थोरलीचे त्या रकान्यातले गुण कायम कापलेले, कारण ती ऐकत बसायची, वाक्य म्हणायचं राहून जायचं. आता पाट्या टाकायला लागल्यापासून तिला तिथे पैकीच्या पैकी.

मला एवढंच विचारायचंय: समोरच्याचं दुःख मनापासून कळणं आणि कामात जीव असणं यांचं नक्की नातं काय? मला वाटायचं जितकं पहिलं जास्त तितकं दुसरं जास्त. डोळ्यांसमोर उलटं घडतंय.

उंटावरचा शहाणा

उत्तर तुमच्याच धाग्यात आहे. नऊ वर्षं रोज रडणारी माणसं ऐकली तर भिंतीलाही ओल धरेल. बदली द्या, रजा द्या. मानसशास्त्र कशाला पाहिजे?

मी फक्त वाचते

रकान्याचं वाचून हसू आणि रडू एकदमच आलं. वाचनखूण साठवली.

अर्धविराम

संस्थांमधल्या माणसांच्या वागण्याचा अभ्यास हा माझा पोटापाण्याचा विषय, त्यामुळे राहवत नाही. लांबण लावतोय, माफी.

"समोरच्याचं दुःख कळणं" या शब्दांत आपण दोन-तीन वेगळ्या गोष्टी एकत्र कोंबतो. मार्क डेव्हिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या सुमारास समानुभूती (म्हणजे तुमच्या रकान्यातली एम्पथी) मोजायला २८ विधानांची प्रश्नावली केली. तिचे चार भाग आहेत. एकात समोरच्याच्या जागेवरून बघता येणं, दुसऱ्यात त्याच्याबद्दल कळकळ वाटणं, तिसऱ्यात कल्पनेतल्या पात्रांशी एकरूप होणं (हे इथे सोडून द्या), आणि चौथ्यात दुसऱ्याचा त्रास बघून स्वतःचाच जीव कासावीस होणं. बाहेरून बघणाऱ्याला दुसरा आणि चौथा भाग सारखेच दिसतात. डोळे दोन्हीत भरतात. पण कळकळीत लक्ष समोरच्यावर असतं, कासाविशीत ते स्वतःवर येतं आणि "हे थांबव एकदाचं" असं होतं. ताण वाढवणारा आणि माणसाला पळ काढायला लावणारा भाग हा चौथा आहे.

डॅनियल बॅटसन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये एक प्रयोग केला. अडचणीत सापडलेल्या एका तरुणीची मुलाखत लोकांना ऐकवली. काहींना सांगितलं, तिला कसं वाटत असेल याची कल्पना करा. काहींना सांगितलं, तिच्या जागी तुम्ही असता तर तुम्हाला कसं वाटलं असतं याची कल्पना करा. कळकळ दोन्ही गटांत जागी झाली, पण दुसऱ्या गटाला सोबत स्वतःचा त्रासही झाला. आपली "जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे" ही म्हण नेमकी दुसरी सूचना देते. एखाद्या वेळी ठीक. दिवसाला चाळीस वंशांत जन्म घ्यायचा म्हटलं तर माणूस टिकायचा कसा?

तुमची धाकटी दगड आहे असं मला वाटत नाही. हुंदक्याला थांबते म्हणालात ना? ती पहिल्या भागाने काम करते आहे: या माणसाला आत्ता काय हवंय? तारीख. म्हणून लोक तिला मागतात.

कोपऱ्यातलं टेबल

अर्धविराम, दगडाबद्दलचं वाचून कान धरले. पण मग थोरली आठ-नऊ वर्षं इतकी जीव ओतून काम करत होती ते कसं?

अर्धविराम

तोच तर मुद्दा आहे. विल्यम कान यांनी १९९० मध्ये उन्हाळी शिबिरातले मार्गदर्शक आणि एका वास्तुरचना कार्यालयातली माणसं बघून विचारलं, की माणूस कामात स्वतःला केव्हा ओततो आणि केव्हा स्वतःला बाजूला काढून नुसतं काम करतो? (पाट्या टाकण्याची इतकी नेमकी व्याख्या मी दुसरीकडे वाचली नाही.) त्यांना तीन गोष्टी सापडल्या. कामात अर्थ वाटला पाहिजे, मोकळं वागलो तर अंगाशी येणार नाही अशी खात्री हवी, आणि ओतायला आत काही शिल्लक हवं. थोरलीला पहिली गोष्ट इतरांपेक्षा जास्त मिळत होती. तिच्यासाठी प्रत्येक फोन म्हणजे जिवंत माणूस. म्हणून ती जास्त गुंतली, आणि त्याच कारणाने तिची तिसरी गोष्ट जास्त वेगाने संपली. गुंतवणारी आणि रिकामी करणारी गोष्ट एकच होती. तिने कामावर प्रेम केलं नसतं तर ती नवव्या वर्षी इतकी थकली नसती, पण पहिल्या आठ वर्षांत तशी वागलीही नसती.

रातपाळी

मी अतिदक्षता विभागात परिचारिका. वर जे चाललंय ते बरोबर आहे, पण त्यात एक वास येतोय, की सगळं थोरलीच्या मनात आहे. म्हणून लिहिते.

आमच्याकडे तर माणसं मरतात. तुमच्याकडच्यापेक्षा दुःख कमी नाही. तरी माझ्या वॉर्डात वीस वर्षं टिकलेल्या बायका आहेत आणि त्या पाट्या टाकत नाहीत. कारण सांगते. पेशंट जाणार हे कळल्यावर माझ्या हातात काय आहे ते मला माहीत असतं. तोंड पुसायचं, कूस बदलायची, दुखण्याचं औषध वेळेवर, मुलीला आत घ्यायचं, पडदा ओढायचा. मृत्यू थांबवणं माझ्या हातात नाही आणि कोणी माझ्याकडून ते मागतही नाही. पाळी संपताना हँडओव्हर देते, खाट क्रमांकाने नाही, नावाने. ते नाव घेतलं की माझ्यापुरतं संपलं. मग हात धुते. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ. बस.

मला कोणत्या दिवसांनी आतून कोरडं केलं सांगू? एका रात्री पेशंटला औषध सोडणारे दोन पंप बंद, खालून पंप येईना, आणि मी पेशंटच्या मुलाला तिसऱ्यांदा सांगत होते "येतोय". तो मुलगा शांत होता. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. त्या महिन्यात मीही पेशंटला खाट क्रमांकाने ओळखायला लागले होते.

कोपऱ्यातलं टेबलताई, तुमच्या थोरलीच्या हातात काय आहे ते सांगा आधी. समोरच्याची आई अंथरुणावर आहे हे ती लिहून घेते. पुढे त्याचं काय करू शकते?

कोपऱ्यातलं टेबल

काही नाही. फाईल पुन्हा उघडायची विनंती ती वर पाठवू शकते. वरून उत्तर यायला दहा ते पंधरा दिवस. मधल्या काळात तोच माणूस तीन-चारदा फोन करतो आणि तिला दरवेळी तेच सांगावं लागतं.

रातपाळी, तुमचा "येतोय" वाचून पोटात कालवलं. आमचा "प्रक्रियेत आहे" तोच.

अर्धविराम

रातपाळींनी माझी बोलती बंद केली. त्यांनी जे सांगितलं ते पुस्तकी भाषेत असं: लाझारस आणि फोकमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये ताणाला तोंड देण्याचे दोन मोठे मार्ग मांडले. एक म्हणजे अडचणीवर काम करणं, दुसरा म्हणजे अडचणीमुळे उठलेल्या भावनेवर काम करणं. लोक यातला पहिला चांगला आणि दुसरा पळपुटा समजतात, तसं नाही. जिथे काही बदलता येतं तिथे पहिला लागतो, जिथे बदलता येत नाही तिथे दुसरा. मृत्यूपुढे रातपाळी दुसरा वापरतात, नाव घेऊन, हात धुऊन. तो तिथे बरोबर बसतो.

थोरलीची अडचण वेगळी आहे. तिच्यासमोरची गोष्ट बदलता येण्याजोगी आहे, कागद जोडला की दावा सुटू शकतो. म्हणजे पहिला मार्ग हवा. पण त्याची किल्ली दुसऱ्याच्या खिशात. मग उरतो दुसरा, आणि जी गोष्ट सुटू शकते हे दिसतंय तिथे मनाची समजूत तरी किती दिवस घालणार? शेवटी मन तिसराच मार्ग काढतं: समोरचा माणूस आहे हेच दिसेनासं करायचं. क्रिस्टिना मास्लाक यांनी १९८१ मध्ये बर्नआउटची, म्हणजे कामाने आतून जळून जाण्याची, प्रश्नावली केली, तिच्या तीन भागांपैकी एक हाच आहे, माणसाला वस्तूसारखं वागवणं. दुसरा भाग थकवा आणि तिसरा, आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. समास कोरा पडला तो दिवस मी तिथे धरेन.

उंटावरचा शहाणा

हे मला पटलं. पण आता माझी शंका घ्या. "एंगेजमेंट", म्हणजे कामात गुंतलेलं असणं, हा शब्दच मला संशयास्पद वाटतो. आम्हा प्रोग्रामर लोकांना दर वर्षी ती प्रश्नावली येते, "कामावर यायला मला उत्साह वाटतो का", शून्य ते सहा. गॅलप या पाहण्या करणाऱ्या कंपनीच्या पाहणीनुसार २०२४ मध्ये जगातले फक्त २१ टक्के कर्मचारी कामात गुंतलेले होते, त्याच्या आदल्या वर्षी २३. म्हणजे पाचातले चार जण गुंतलेले नाहीत आणि जग चाललंय. माणसाने कामात जीव ओतलाच पाहिजे हा आग्रह कोणाच्या सोयीचा? नीट काम करा, वेळेत घरी जा. पाट्या टाकणं हा काही ठिकाणी शहाणपणाही असतो.

शिवाय, जागतिक आरोग्य संघटनेची बर्नआउटची व्याख्या वाचा: कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण, जो यशस्वीपणे हाताळला गेला नाही. हाताळला गेला नाही! कोणाकडून? व्याकरणात कर्ताच गायब. तो कर्ता मग एचआर आपल्याला करून टाकतं आणि श्वासाचे व्यायाम पाठवतं.

पान्हा

कर्ता गायब 😄 भारी.

अर्धविराम

शहाणे, कर्त्याबद्दल हात जोडून मान्य. त्याच संघटनेने ही आजाराची नोंद नाही, कामाशी निगडित घटना आहे असंही स्पष्ट म्हटलंय, म्हणजे दोष नुसता माणसाच्या आत शोधू नका असा त्याचा अर्थ मी तरी लावतो. डेमेरुटी, बाकर वगैरे संशोधकांनी २००१ मध्ये जी मांडणी केली तीही हेच सांगते. कामाच्या मागण्या एका बाजूला, कामाने दिलेलं बळ दुसऱ्या बाजूला. मागण्या माणसाला थकवतात, बळ त्याला गुंतवतं. बळ म्हणजे निर्णयाचा अधिकार, सहकाऱ्यांची साथ, केलेल्याचं काय झालं हे कळणं. श्वासाचा व्यायाम यात बसवायचा तर फार शेवटी.

पण गुंतणं म्हणजे मालकाची सोय, हे मला अर्धंच पटतं. तुमची शून्य ते सहावाली प्रश्नावली बहुधा उट्रेख्तच्या शॉफेली आणि बाकर यांची, मूळ १७ प्रश्नांची, पुढे ९ ची झाली. त्यात तीन गोष्टी विचारतात: अंगात जोम, कामाबद्दल आस्था, आणि वेळेचं भान हरपणं. वेळेचं भान हरपलं म्हणजे उशिरापर्यंत बसणं नव्हे. तुम्ही एखादा किचकट बग (प्रोग्राममधली चूक) शोधत बसलात आणि दोन तास गेलेले कळलंच नाही, हे तुम्हालाही होत असेल. ते कोणी काढून घेतलं तर तुम्हीच आधी बोंब माराल.

उंटावरचा शहाणा

मारेन. पण बग रडत नाही.

आणि अजून एक, मग गप्प बसतो. यातल्या बऱ्याचशा पाहण्यांत माणसाला एकाच दिवशी एकाच कागदावर विचारतात, तू किती समानुभूतीवाला, तुझा ताण किती, तू किती गुंतलेला. त्यातून आधी काय आणि नंतर काय हे कसं कळणार? ज्याचं काम बरं चाललंय त्याला दुसऱ्याची विचारपूस करायला सवड असते, असंही असेल. म्हणजे गुंतणं आधी, कळकळ नंतर.

अर्धविराम

असू शकतं. थोरलीच्या बाबतीत तर तेच घडलेलं दिसतंय. आधी ती गुंतलेली राहिली नाही, आणि त्यानंतर समास कोरा झाला. तुमची शंका ग्राह्य.

फळ्याजवळ

शिक्षिका आहे. सगळं वाचलं, एक अनुभव जोडते.

आमच्या शिक्षक खोलीत मधल्या सुट्टीत एक कोपरा ठरलेला असतो. तिथे रोज तेच विषय. त्या मुलाच्या घरचं असं, या मुलीचं तसं, मुख्याध्यापक ऐकत नाहीत. सगळ्याजणी कळवळून बोलतात, खोटं काहीच नाही. मीही तिथली. बोलून हलकं वाटतं अशी आपली समजूत असते ना? मला घंटा होईपर्यंत हलकं वाटायचं, संध्याकाळी दुप्पट जड. दुसऱ्याच्या वर्गातली दुःखंही मी घरी न्यायला लागले होते.

एक दिवस एका ज्येष्ठ बाईंनी मध्येच विचारलं, "मग उद्या त्या मुलीसाठी कोण काय करणार?" कोणी बोलेना. मला राग आला होता त्यांचा. पण दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला ग्रंथालयाची नोंदवही सांभाळायला दिली, फक्त वीस मिनिटं वर्गाबाहेर बसता यावं म्हणून. तेवढ्याने तिच्या घरचं काही बदललं नाही. मला मात्र त्या दिवशी कोपऱ्यात जावंसं वाटलं नाही.

एकमेकींजवळ बोलणं वाईट असं म्हणत नाहीये. पण तेच तेच घोळवणं म्हणजे आधार नव्हे, हे मला फार उशिरा कळलं.

रातपाळी

फळ्याजवळताई, नोंदवही! हेच म्हणत होते मी. हातात काहीतरी पाहिजे, कितीही छोटं.

अर्धविराम

याला पुरावाही आहे. तानिया झिंगर आणि ओल्गा क्लिमेकी यांनी लोकांना आधी दुसऱ्याच्या दुःखाशी एकरूप व्हायला शिकवलं, मग त्रासात असलेल्या माणसांच्या चित्रफिती दाखवल्या. लोकांना जास्तच वाईट वाटायला लागलं. त्यानंतर त्याच लोकांना करुणेचा सराव दिला, म्हणजे या माणसाचं भलं व्हावं, त्याला मदत व्हावी या दिशेने मन वळवण्याचा. वाईट वाटणं खाली आलं, बरं वाटणं वाढलं, आणि मेंदूतली सक्रिय जाळीही वेगळी होती. समानुभूती आणि करुणा हे दोन शब्द आपण सैलपणे वापरतो, पण मेंदूला तो फरक कळतो.

रातपाळी

छान आहे, पण हळू बोला. आमच्या व्यवस्थापनाने ऐकलं तर करुणेचे वर्ग लावतील, ड्यूटी संपल्यावर, हजेरी सक्तीची. पंप मात्र बंदच राहतील.

मी फक्त वाचते

😂😂

पान्हा

कारखान्यात देखभालीचा सुपरवायझर. जास्त लिहिता येत नाही.

धागाकर्त्या ताईंना एक विचारायचं होतं. थोरली झाली, धाकटी झाली. तुमचं काय? अकरा जणांचं ऐकणारे तुम्ही. तुमचं कोण ऐकतं? मशीन बंद पडलं की सगळे ऑपरेटरकडे बघतात. मी आधी फिटरकडे बघतो, तो किती तास झोपलाय ते.

कोपऱ्यातलं टेबल

पान्हादादा, तुमच्या प्रश्नावर दोन दिवस गप्प बसले होते.

खरं सांगते. आमच्याकडे गटप्रमुखाने आठवड्याला ठरावीक रेकॉर्डिंग ऐकायची असतात. गेले तीन महिने मी पहिलं मिनिट ऐकते आणि पुढे सरकवते. एम्पथी स्टेटमेंट आलं की खूण. म्हणजे रकाना मी भरतेय आणि शिव्या क्वालिटीवाल्यांना घालतेय. धागा थोरलीबद्दल काढला, पण प्रश्न बहुतेक माझाच होता.

अर्धविराम

हे लिहायला धीर लागतो.

त्या सक्तीच्या वाक्याबद्दल एक राहिलं होतं. आर्ली हॉकशील्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्ये विमानातल्या कर्मचाऱ्यांचं काम बघून "भावनिक श्रम" ही कल्पना मांडली. त्यांनी फरक केला तो असा: चेहऱ्यावर भावना चढवणं वेगळं, आणि ती भावना आतून जागी करायचा प्रयत्न करणं वेगळं. पहिल्या प्रकारात आत एक आणि बाहेर एक असं होतं, आणि नंतरच्या अभ्यासांत थकव्याशी नातं दिसतं ते मुख्यतः याचं. तुमचा रकाना पहिल्या प्रकारालाच बक्षीस देतो. थोरलीला आत होतं ते दाखवायचे गुण नव्हते, आता आत नाही ते दाखवायचे गुण आहेत.

आणि खणाचं कुलूप! सबिने झोनेंटाग आणि शार्लोट फ्रिट्झ यांनी २००७ मध्ये कामानंतर माणूस पुन्हा कसा भरून येतो हे मोजायची प्रश्नावली केली, तिच्या चार भागांपैकी एक म्हणजे मनाने कामापासून सुटणं. घरी गेल्यावर कामाचा विचारही न येणं. धाकटी चोरांसाठी कुलूप लावत नसावी.

कोपऱ्यातलं टेबल (पाच आठवड्यांनी)

धागा वर काढतेय. काही जणांनी व्यक्तिगत निरोपातून विचारलं म्हणून.

वर बोलायला गेले तेव्हा समानुभूतीचा स शब्दही काढला नाही. फक्त मोजून नेलं, की एका महिन्यात फाईल पुन्हा उघडण्याच्या ज्या विनंत्या आम्ही पाठवल्या, त्यातल्या निम्म्याहून जास्त नुसता एखादा कागद राहिला म्हणून होत्या, आणि त्या सगळ्या शेवटी उघडल्याच गेल्या. मग पंधरा दिवस कशाला? बरीच कुरकुर झाली. शेवटी कागद राहिलेल्या फायली आमच्या कक्षातूनच उघडायची परवानगी मिळाली, तीन महिन्यांपुरती, माझ्या सहीने. बाकी प्रकारांना नाही. रकाना काढायला ठाम नकार. तो मी आता माझ्या परीने भरते, सबंध फोन ऐकून. वेळ जातो. आठवड्याचा आकडा पुरा होत नाही, बोलणी खाते.

थोरलीशी बोलले. मी काही विचारायच्या आधीच म्हणाली, "मला दोन दिवस फोन नकोत, नुसत्या फायली द्या." दिल्या. पहिल्या आठवड्यात काही फरक नाही. दुसऱ्या आठवड्यात तिने स्वतःच्या हाताने एक फाईल उघडली आणि त्या माणसाला फोन लावून सांगितलं. फोन ठेवल्यावर थोडा वेळ हात तसाच रिसिव्हरवर. मी बघत नाहीये असं दाखवलं.

चमत्कार वगैरे झालेला नाही. "नियमात बसत नाही" अजून ऐकू येतं. समासात परवा काहीतरी दिसलं, पण ते कोणाच्या आईबद्दल नव्हतं. "पावती, पान ३, आजच" असं होतं.

उंटावरचा शहाणा

मोजून नेलंत हे उत्तम केलंत. आणि तीन महिन्यांनी परवानगी काढून घेऊ नयेत म्हणून आत्तापासून आकडे ठेवा.

रातपाळी

पान ३, आजच. 👏 तिला माझा नमस्कार सांगा. आणि धाकटीचं काय? तिच्याशी बोललात की नाही? दगड म्हणत होतात तिला.

कोपऱ्यातलं टेबल

बोलले. कुलपाचं सरळच विचारलं. म्हणाली, पहिल्या वर्षी रोज रात्री फोन ऐकू यायचे, झोप लागायची नाही. मग एकदा गंमत म्हणून हेडफोन खणात ठेवून कुलूप लावलं, त्या रात्री झोप लागली, तेव्हापासून लावते. तिला कोणी कधी विचारलंच नव्हतं.

हे बोलणं थोरलीच्या टेबलाशेजारी चाललं होतं. आज सकाळी थोरली माझ्याकडे आली, म्हणाली माझ्याही खणाला किल्ली आहे का बघा. तो खण नऊ वर्षं उघडाच आहे, किल्ली कोणाकडे आहे कोणालाच ठाऊक नाही. स्टोअरला सांगितलंय. उद्या बघतो म्हणाले.